चुकीचे इंग्रजी, चुकीचे हसू

विष्णुपुरीस १९९४ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांतील मुले तेथे येऊ लागली. अशांच्या इंग्रजीस हसणे हा सुशिक्षितांचा जुना विरंगुळा होय. 'कझिन ब्रदर' ऐकताच भुवया उंचावतात. पण चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ अशी नाती वेगवेगळी ओळखणाऱ्या मराठी मनाला नुसत्या 'कझिन'मधून भाऊ की बहीण हेही कळत नाही. ती उणीव हा जोडशब्द भरून काढतो. 'आजोबा एक्सपायर झाले' म्हटले की, 'ते काय औषध होते?' अशी थट्टा होते. वस्तुतः या क्रियापदाचा मूळ अर्थच श्वास सोडणे, प्राण सोडणे असा आहे. लॅटिन बायबलात मार्कलिखित शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात प्रभूच्या मरणासाठी याच शब्दाचे मूळ रूप आले आहे. 'रिटर्न बॅक' ही मात्र निव्वळ द्विरुक्ती. ती सुधारावीच, परंतु प्रेमाने.

इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी परक्या मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. नवी भाषा शिकणाऱ्यास वाचा फुटण्याआधी ऐकून घेणारा कान मिळावा लागतो. आपल्या हशाने एखादे मूल कायमचे मुके झाले, तर व्याकरण शाबूत राहील, पण शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण मोडलेली असेल.