बंगाली बँड आणि स्मृतीची गोडी

बालपणी कानी पडलेले गीत प्रौढपणी अधिक गोड लागते. परंतु ती गोडी गीताची की सरल्या वयाची, हा विवेक रसिकाने केलाच पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात कोलकात्यात वाढलेली पिढी आज बंगाली बँडच्या गीतांविषयी हळवी होऊन बोलते. या परंपरेचा आद्य बँड ‘मोहिनेर घोडागुलि’. जीवनानंद दासांच्या कवितेतून नाव घेऊन गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी १९७५ च्या सुमारास एकत्र आले. बाउल गायनाचा ढंग, गिटार आणि नगरजीवनाची बोली यांचा त्यांनी मेळ घातला. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. श्रोते मात्र थोडेच लाभले. १९९५ साली ‘आबार बछर कुडि परे’ हा गीतसंग्रह आला, तेव्हा कोठे तरुणांनी त्यांना आपलेसे केले. त्यातील ‘पृथिबीटा नाकि’ची चाल तर २००६ साली ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातून आपल्याही कानी आली.

स्मृतीने ही गीते तारली, हे आम्हांस मान्य आहे. पण जुन्याचे गोडवे गाताना नव्याकडे पाठ फिरवणारी स्मृती कृपणच होय. आज कोलकात्यात कोणी अपरिचित चाल छेडली, तर त्यालाही वीस वर्षे तिष्ठत ठेवायचे काय?