ताडकळसचा गळा

दिवाळी अंकात गाण्यावर लेख म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे एखादे नामांकित बुवा येतात, एखाद्या नाट्यपदाची जुनी तबकडी येते, नाही तर सिनेमातले गाणे येते. मी ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्या गंगूबाई अंबोरे यांपैकी कशातच बसत नाहीत. परभणी जिल्ह्यातले ताडकळस हे त्यांचे गाव. १९९६ साली त्यांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्या मी गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा ऐकतो आहे, आणि माझे मत असे बनले आहे की लोकजीवनाचा नमुना म्हणून त्या जपून ठेवणे हा त्यांचा अर्धाच मान झाला. उरलेला अर्धा मान द्यायचा तर त्यांना गाणे म्हणून ऐकले पाहिजे, आणि इतर कुठल्याही गवयाला आपण लावतो ती फूटपट्टी त्यांनाही लावली पाहिजे.

हे ध्वनिमुद्रण झाले कसे, ते थोडक्यात सांगतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि जन्माने फ्रेंच असून पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी ग्रामीण महाराष्ट्रात हिंडून बायकांच्या ओव्या जमवल्या. हजारावर गावे झाली, ओव्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. आधी सारे वहीत उतरवणे होते. पुढे बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक आपली यंत्रे घेऊन त्यांना मिळाले, आणि १९९० नंतरच्या दशकात शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. तो सारा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने २०१७ पासून लोकांपुढे आणायला सुरुवात केली, म्हणून माझ्यासारख्या जालन्याच्या मास्तराला तो खिशातल्या फोनवर ऐकता येतो.

आपल्या देशात ध्वनिमुद्रण काही काल आले नाही. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. पुढे कंपन्यांनी मराठीतही नाट्यपदे, भजने, लावण्या, पोवाडे यांच्या तबकड्या काढल्या. जात्यावरची बाई मात्र त्या कर्ण्यापुढे कोणी बसवली नाही. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तबकडी मावत होती तीन-साडेतीन मिनिटांची, आणि ओवीला शेवट नसतो. पीठ होईपर्यंत ती चालते. शिवाय पहाटे चारला घराघरातून फुकट ऐकू येणारी वस्तू पैसे मोजून विकत कोण घेणार! मग गावात पिठाची गिरणी आली, जाते अंगणात पालथे पडले, आणि फुकट मिळणारी वस्तू मिळेनाशी झाली.

तोवर आपल्या विद्वानांनी ओवीची आस्था दाखवली नव्हती असे नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, आमच्या मराठवाड्यात डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी मोठी मेहनत घेतली, सरोजिनी बाबरांनी तर आयुष्य त्यात घातले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण छापील ओवी वाचून झाल्यावर कानाने तीच ओवी ऐकावी, म्हणजे छापताना काय गळले ते कळते. ओवी छापताना ती स्वच्छ करतात. ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’, ‘अशी’ असले शब्द अर्थाला भर घालत नाहीत म्हणून ते निघतात. दोनदा आलेली ओळ एकदाच छापतात. राहते ती दोन ओळींची सुबक कविता. जात्यावरच्या बाईचा श्वास मात्र त्या काढून टाकलेल्या शब्दांतच असतो. खुंट्याला हात घालून पाळू फिरवताना जोर लागतो तो वर्तुळाच्या एका बाजूला, आणि ‘बाई गं’ येते ते त्या जोराच्या जागी. पहिली ओळ पुन्हा म्हटली जाते ती पुढची ओळ आठवायला किंवा जुळवायला सवड मिळावी म्हणून. वैरणीची मूठ जात्याच्या तोंडात टाकायला हात उचलावा लागतो, तेवढ्यापुरता सूर लांबतो. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला, आणि योग्यच झाला. पण त्या आधीच्याच वर्षी गेल्या होत्या. शब्द आपल्या हाती आले, गळा आला नाही. गंगूबाईंच्या बाबतीत गळा हाती आला आहे.

तो गळा कसा आहे? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो गोड वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो पोक्त बाईचा, वापरलेला गळा आहे. त्याला घाई अजिबात नाही. ओळ सुरू होते ती बोलल्यासारखी, मध्ये एका स्वरावर ती थांबते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आता आवाज फुटणार. तो फुटत नाही. हे न फुटणे ही माझ्या मते या गाण्यातली सर्वांत मोठी कारागिरी आहे. आपल्या करुणरसाच्या नाट्यपदांत आणि सिनेगीतांत गायक दुःखाला जागोजाग हुंदक्याची झालर लावतो, आणि आपण टाळ्या देतो. गंगूबाई झालर लावत नाहीत. दुःख ओवीत आहे, गळ्याने ते फक्त वाहून न्यायचे, अशी काहीशी शिस्त त्यात जाणवते.

आठवीच्या वर्गाला मी एकदा ही ओवी ऐकवली. मुले प्रथम हसली, मग गप्प झाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, ही आजी गातीय का रडतीय?” मी वर्गाला तो प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितला. एवढा नेमका प्रश्न मला संगीताच्या समीक्षणांतही फारसा भेटलेला नाही.

त्या ओव्या सीतेच्या वनवासाच्या आहेत. सीता रानात एकटी रडते आहे, आणि तिची समजूत घालायला आजूबाजूच्या बोरी-बाभळीच बायका होतात. एवढीच कल्पना. ही कल्पना गंगूबाईंची एकट्यांची नव्हे. बायकांच्या ओव्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पण तिच्याकडे जरा थांबून पाहावे. पोथीतल्या वनात अशोक असतो, चंदन असतो, वेली असतात, हरणे असतात. ओवीतले वन परभणी-जालन्याकडचे आहे. आमच्याकडे बांधावर आणि पडीक रानात जे आपोआप उगवते ते बोर आणि बाभूळ. दोघींना काटे. दोघींना कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही; दुष्काळात उभ्या राहतात त्या त्याच. शेळ्यांना पाला, चुलीला जळण, कुंपणाला फांद्या, असे सगळे त्यांच्याकडून घ्यायचे आणि अंगणात मात्र त्यांना जागा द्यायची नाही. राजाच्या घरातून बाहेर पडलेल्या सीतेला धीर द्यायला अशा दोघी येतात, यात वेगळा अलंकार शोधायची गरज नाही. ओवी रचणाऱ्या बाईने आपल्याच वस्तीतल्या बायका तिथे पाठवल्या आहेत. माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांत मी स्त्रीच्या एकटेपणावर पानेच्या पाने खर्च केली आहेत. इतक्या थोडक्यात इतके दूर जाणे मला जमलेले नाही, आणि मला वाटते माझ्या पिढीत फार थोड्यांना जमले असेल.

गंगूबाई ‘बोरी-बाभळी’ हे शब्द कसे घेतात ते ऐकण्यासारखे आहे. तिथे आवाजात माया येते. सीतेसाठी जो सूर ताणून धरला होता तो झाडांपाशी सैल होतो. माझ्या कानाला ते असे ऐकू येते.

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण त्याने हा मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकेत मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात काळ्या मजुरांनी ज्याला ‘ब्लूज’ म्हणतात ते गाणे घडवले. त्याची बांधणीही गमतीची आहे: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. आपल्या जात्यावरच्या बाईला हे समजावून सांगायला लागणार नाही. त्यांच्यातला जॉन हर्ट नावाचा शेतमजूर १९२८ साली काही तबकड्या गायला आणि आपल्या अ‍ॅव्हलॉन गावी परत जाऊन पस्तीस वर्षे शेतात राबला. १९६३ साली एका गाण्यात त्याने घेतलेल्या गावाच्या नावावरून एका तरुण चाहत्याने त्याला हुडकून काढले. म्हातारा त्याच वर्षी न्यूपोर्टच्या मोठ्या उत्सवात गायला, आणि १९६६ साली वारला. त्याचाही गळा हळू, मृदू, न फुटणारा. पण फरक पाहा. त्याच्या जुन्या तबकडीवर त्याचे नाव छापलेले होते. तो हुडकला गेला तो जॉन हर्ट म्हणून. गाणे ‘लोकांचे’ आहे म्हणून त्याचे नाव कोणी पुसले नाही.

आमच्या ओवीसंग्रहांवर माझा आक्षेप इथेच आहे, आणि या थोर संग्रहावरही तो थोडा लागू आहे. ओव्यांची वर्गवारी विषयांनुसार केली आहे: सीतेच्या इथे, भावाच्या तिथे, सासूच्या पलीकडे. अभ्यासकाला ते सोयीचे आहे. पण एका बाईची एक पहाट, म्हणजे देवाचे नाव घेऊन सुरुवात, मग माहेर, मग भाऊ, मग अचानक सीता, हा तिचा स्वतःचा क्रम त्यात विखुरतो. एका ओवीवरून दुसरीवर ती का गेली, तिथेच तर तिचे मन दिसणार! हस्तलिखितातल्या कवितांचे शब्द विषयवार कापून वेगळ्या पाकिटांत भरावेत, तसे हे झाले. न्यायाने हेही म्हटले पाहिजे की हल्ली या ओव्या लोकांपुढे मांडताना गाणारीचे नाव, गाव, छायाचित्र देतात, आणि त्यामुळेच मला गंगूबाई हे नाव कळले.

आणि नावामुळे तुलना करता येते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या ओव्याही त्याच वर्षी, १९९६ मध्ये, भीमनगरात मुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आंबेडकर आहेत. ओवीचा साचा तोच, आमच्या मराठवाड्याचाच. पण तिथला सूर ताठ आहे, पाऊल टाकीत चालणारा आहे. ज्या छंदात एका बाईने सीतेचे रडणे बसवले त्याच छंदात दुसरीने आपल्या माणसांचे उठून उभे राहणे बसवले. ‘ओवी म्हणजे हळवे बाईपण’ असे पाठ्यपुस्तकांतून आम्ही मास्तरच शिकवत आलो. राधाबाईंची एक ओवी ऐकली की ते वाक्य खोडावे लागते.

अलीकडे ओवीला वाद्यमेळाचा साज चढवून रंगमंचावर आणण्याची हौस वाढली आहे. हौसेला माझी ना नाही. पण बासरी, तबला आणि यंत्रातून काढलेली घरघर एवढे लावले की गळ्याला थांबायला जागा उरत नाही, आणि या गाण्यात थांबणे हाच ताल आहे.

दिवाळीच्या चार दिवसांत, भाऊबीजेच्या आधी एखाद्या पहाटे, घरातले दिवे लावायच्या आत या ओव्या लावून पाहा. घरात जात्यावर बसलेली कोणी आजी अजून असेल तर तिला जवळ बसवा. शब्द वाचीत ऐकू नका. पहिल्या खेपेला निम्मे शब्द कळणार नाहीत, बोली आमच्याकडची आहे. दुसऱ्या खेपेला कळतील. आजी बहुधा दुसऱ्या ओळीलाच तोंडातल्या तोंडात साथ धरील, आणि तिची ओळ गंगूबाईंच्या ओळीहून एखाद्या शब्दाने वेगळी असेल. तो शब्द लिहून ठेवा, आणि शेजारी तिचे नाव लिहा.