अर्धी भेट

संग्रहालयात शिल्प पाहावयास आपण जातो. माळरानावर ते आपल्याला अवचित भेटते. ह्या दोन अनुभवांतील अंतर जाणून घ्यावयाचे असेल, तर नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील डम्फ्रीसजवळच्या ग्लेनकिल्न खोऱ्याची कहाणी ऐकावी. तेथे विल्यम केझिक ह्या जमीनदाराने १९५० च्या दशकात आधुनिक शिल्पे उघड्यावर उभी केली. रोदँचा योहान बाप्तिस्ता, हेन्री मूरचे ‘राजा आणि राणी’, जेकब एपस्टाइनची ‘भेट’. मेंढ्यांच्या कुरणात ना तिकीट, ना पहारेकरी.

ह्यांपैकी एपस्टाइनची १९२६ सालची ‘भेट’ मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. मरिया आणि एलिझाबेथ ह्यांच्या भेटीचे दुहेरी शिल्प त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात घडली ती एकटी मरिया. मान किंचित झुकलेली, हात उदरावर जुळलेले. दालनात ही मूर्ती अपुरी वाटू शकते. ग्लेनकिल्नला मात्र झाडांच्या आडोशाला ती उभी होती आणि डोंगर चढून येणारा वाटसरू तिच्यासमोर येऊन थबके. एलिझाबेथची रिकामी जागा क्षणभर तोच भरून काढी. लूकच्या शुभवर्तमानातील मरियाही डोंगराळ प्रदेशातच गेली होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

परंतु ह्या मोकळेपणाची किंमत मोजावी लागली. १९९५ मध्ये ‘राजा आणि राणी’ ह्यांची शिरे कापली गेली. ती नव्याने बसविण्यात आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये मूरची ‘उभी आकृती’ चोरीस गेली. त्याआधी २००५ साली इंग्लंडमध्ये मूरचेच सुमारे ३० लाख पौंडांचे एक शिल्प चोरीस गेले होते आणि भंगार म्हणून ते अवघ्या दीड हजार पौंडांना वितळविले गेले असावे, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. २०१३ च्या चोरीनंतर ग्लेनकिल्नची अन्य शिल्पे हलविण्यात आली. मूरचा उंच ‘ग्लेनकिल्न क्रूस’ तेवढा टेकडीवर राहिला.

मालकांना दोष देता येणार नाही. ‘भेट’ कड्याकुलपात सुरक्षित राहील, तिचे ओतीव कामही तसूभर बदलणार नाही. तरीही काही हरवले आहे. अनोळखी माणसावर टाकलेला विश्वास हा त्या शिल्पाचाच एक भाग होता. तो काढून घेतल्यावर मरिया पुन्हा एकटी झाली. तिची भेट पुन्हा अर्धीच राहिली.