वाघ जमा, जंगल नावे

चिरंजीवांनी संगणकावर ‘प्लॅनेट झू’ हा २०१९ सालचा खेळ लावून दिला आणि अस्मादिक प्राणिसंग्रहालयाचे मालक झाले! नावे-जमा करण्यात २० वर्षं घालवलेल्या कारकुनाला इथला हिशोब उलटाच वाटला. बँकेत गेलं ते गेलं. इथे वाघ रानात सोडला की खात्यावर ‘कॉन्झर्वेशन क्रेडिट’ जमा! लोकांनी टक लावून पाहिलं तर लाजरा प्राणी बेजार होतो, हेही खेळ जाणतो. (काउंटरवरच्या प्राण्याचं कोण जाणतो?) तक्रार एकच. ‘सोडा’ म्हटलं की वाघ गुप्त! कुठल्या रानात गेला, तिथे रान उरलंय का, पत्ता नाही. आम्हाला रुपयाच्या ताळमेळासाठी रात्री नऊपर्यंत बसवतात. इथे अख्खा वाघ लागत नाही, तरी खेळ चालू!