पाहुण्याचा हात

शाळाशाळांतून निवडून आणलेली दोन-तीनशे मुले, एखादे मैदान किंवा नाट्यगृह, आणि दोन दिवसांसाठी बाहेरगावाहून बोलावलेला नामवंत संगीतकार, असा समूहगानाचा घाट आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. कार्यक्रम पार पडतो, वर्तमानपत्रांत छायाचित्र येते, आणि त्या छायाचित्रात पाहुण्यांचे वर उचललेले दोन हात तेवढे स्पष्ट दिसतात. त्या हातांविषयी मात्र कुणी लिहीत नाही. गवयाच्या एकेका तानेची चिकित्सा करणारे आमचे समीक्षक गाणारांपुढे उभ्या राहणाऱ्या या माणसाला शोभेची कुंडी समजतात की काय, कोण जाणे! मी काही संगीताचा पंडित नव्हे. मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर, वर कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. परंतु मुलांच्या रांगांमागे हजेरीपट घेऊन उभे राहण्याचा योग मला पुष्कळदा आला आहे, आणि मागून ऐकलेले गाणे पुढून ऐकलेल्या गाण्याहून फार निराळे असते.

मुळात हा हात हवाच कशाला? आमच्या चऱ्होलीच्या देवळात दहा-बारा जण भजनाला बसतात, त्यांना कुणी हात दाखवीत नाही. पखवाज बोलतो, टाळ त्याला बिलगतात, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याचा गळा ऐकू येतो. मैदानाची गोष्ट वेगळी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. पहिल्या रांगेपासून सत्तर मीटर मागे उभ्या असलेल्या पोराला पुढचा सूर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतक्या उशिरा पोहोचतो. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल, तर हा उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेच्या घरात जातो. म्हणजे कानावर विश्वास ठेवून गाणारे पोर प्रामाणिकपणे बेताल होते! तेथे डोळ्यांनीच ताल धरावा लागतो, आणि त्यासाठी हात लागतो. फ्रान्सच्या राजदरबारातला ल्युली हा संगीतकार जाड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. १६८७ साली ती काठी त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यात तो गेला. आजच्या पाहुण्यांना तेवढी जोखीम नाही.

शाळकरी मुलांचा निवडक वृंद जमवायचा आणि त्याच्यापुढे पाहुणा उभा करायचा, ही चाल अमेरिकेत चांगली फोफावली. जोसेफ मॅडी या शिक्षकाने तेथल्या हायस्कुलांतील वादक मुलांचा मोठा वृंद १९२६ साली डेट्रॉइटला उभा केला, आणि १९२८ साली इंटरलॉकेन येथे त्यांचे उन्हाळी शिबिर सुरू केले. तेथे पाहुण्याचे दोन-तीन दिवसांत भागते, याचे कारण त्याची थोरवी नव्हे, कारण कागद. स्वरलिपी आधीच प्रत्येक शाळेत गेलेली असते, स्थानिक मास्तरांनी ती महिनोन्‌महिने घोटून घेतलेली असते. पाहुणा येतो तो रंगाचा शेवटचा हात द्यायला.

आपण पाहुणा आणला, कागद आणला नाही. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपी दिली, भातखंड्यांनी आपली वेगळी दिली. पण सामान्य शाळेतल्या मास्तरांपर्यंत दोहोंपैकी एकही पोहोचली नाही. आमच्याकडे येते ते मोबाइलवर पाठवलेले ध्वनिमुद्रण. तेही पाहुण्यांनी स्वतःच्या पट्टीत, काळी एकमध्ये, खर्जाचे कौतुक करीत गायलेले. मुलांचे गळे काळी चार-पाचच्या आसपास मोकळे होतात. मग मुले एक तर खाली पुटपुटतात, नाही तर वरच्या सप्तकात किंचाळतात. आणि पाहुणे आल्यावर कपाळाला आठ्या घालून विचारतात, "मास्तर, मुलांची तयारी नाही का करून घेतलीत?" ग्यानबाची मेख आहे ती इथे.

या बाबतीत वसंत देसाई यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. सिनेमासृष्टीतला एवढा कर्ता संगीतकार, १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या संस्कृत मैत्रीगीताची चाल बांधणारा. पण हजारो शाळकरी मुलांकडून एकत्र गाऊन घेण्याचा त्यांना ध्यास होता. त्यांच्या दोन चाली अजून शाळांतून टिकून आहेत. एक 'दो आँखें बारह हाथ' मधली, १९५७ची. दुसरी 'गुड्डी' मधली शाळेची प्रार्थना, १९७१ची. नीट ऐकून पाहा. दुसरी केदार रागाची. पण केदारातली अवघड वळणे बाजूला ठेवून रागाचा नुसता उजेड घेतला आहे. ओळ संपते तेथे श्वास संपतो. मुरकी नाही, आणि असलीच तरी ती सोडून दिल्याने चालीचे काही बिघडत नाही. देसाई १९७५ साली लिफ्टच्या अपघातात गेले. त्यांचा हात पुढे नाही, तरी रोज सकाळी कुठली तरी शाळा ती चाल सुरळीत गाते. हाताचे काम त्यांनी चालीतच करून ठेवले होते. आजच्या पाहुण्यांची गाणी त्यांच्याबरोबर आलेल्या वाद्यवृंदाखेरीज उभी राहत नाहीत. गाडीत सिंथेसायझर चढला की गाणेही चढते आणि गावाबाहेर जाते.

देसाईंवर एक आक्षेप मात्र मी ठेवीन. हे सारे गाणे एकाच सुरातले. दोन सुरांनी एकमेकांना छेद न देता शेजारी चालावे, हा वृंदगानातला खरा आनंद त्यात नाही. मद्रासच्या एम. बी. श्रीनिवासन यांनी आपल्या युवावृंदाकडून ते करवून घेतले, आणि देशी वळण न मोडता करवून घेतले. पण ते त्यांचे स्वतःचे घर होते. तेथे ते पाहुणे नव्हते. दोन सूर दोन दिवसांत बसत नाहीत.

हात कसा असावा, हे पाहायला मला परदेशी जावे लागत नाही. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघाली की आमच्या शिवेवर थोरल्या पादुकांपाशी विसावते. पुढे मुक्कामावर रात्री समाजआरती होते. साऱ्या दिंड्या टाळ वाजवीत गोल उभ्या असतात. चोपदार दंड वर करतो आणि तो अफाट जनसमुदाय क्षणात गप्प होतो. जगातल्या कोणत्या संचालकाच्या छडीत एवढी ताकद आहे? परंतु मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवीत नाही. वाजवीतच राहते. मग चोपदाराला तिच्यापाशी जावे लागते, गाऱ्हाणे ऐकावे लागते, आणि त्यानंतरच आरती. दंड त्याच्या हाती आहे, पण तो ऐकायला बांधलेला आहे.

आमच्या मुलांना असा टाळ कुणी दिलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आलेले पाहुणे कान लावून रांगांतून फिरले आणि तीसेक मुलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." त्यांत माझ्या वर्गातला एक मुलगा होता. बाप बिहारहून चाकणला कारखान्यात आलेला. पोराचा सूर पक्का होता. चुकत होता तो 'ळ'. 'ळ'चा 'ल' होई, एवढाच गुन्हा. दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या गणवेशात, तो ओठ हलवीत होता. टाळ्या फार पडल्या.

हे अपरिहार्य असते, असे मला कुणी सांगू नये. दुसऱ्या एका पाहुण्याला मी पाहिले आहे. बाई होत्या. त्यांनी कुणालाच गप्प केले नाही. पेटीवर पट्टी दोन स्वरांनी खाली आणली, आणि भरकटलेली निम्मी मुले आपोआप सुरावर आली. राहिलेल्यांना त्यांनी पक्क्या गळ्याच्या मुलांच्या मध्ये उभे केले. ज्यांचे त्यानेही भागेना, त्यांच्याकडे टाळ्यांचा ठेका दिला. या सगळ्याला पाऊण तास लागला. कार्यक्रम आधीच्या कार्यक्रमाइतका गुळगुळीत झाला नाही, हे मी मान्य करतो. एक कडवे तर चक्क ढासळले. पण मागे उभा राहून मला तीनशे मुलांचा आवाज ऐकू आला, आणि तीनशे मुले समोर असताना तेवढाच आवाज यावा ही काही फार मोठी मागणी नाही. त्या बाईंनी जाताना गाण्याचे स्वर फळ्यावर लिहून ठेवले होते. आमच्यातल्या एका शिक्षिकेने ते वहीत उतरवून घेतले, आणि पुढच्या तुकडीला त्या वहीवरून शिकवले.

यंदा आमच्या भागात पुन्हा असा कार्यक्रम ठरतो आहे. पाहुण्यांचे नाव ठरले आहे, मानधन ठरले आहे, मंडपवाल्याला इसारही पोहोचला आहे. गाणी कोणत्या पट्टीत बसवायची, हे अजून आम्हांला कुणी कळवलेले नाही.