परुशाच्या जागी बसवणारे वाङ्मय

पाप, व्यसन आणि हिंसा यांचे उघड चित्रण करणाऱ्या वाङ्मयाकडे वाचक ओढला जातो तो निव्वळ चवचाल कुतूहलापोटी, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच सत्य आहे, असे आम्हांस वाटते. उरलेले अर्धे ग्रॅहम ग्रीनच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) या कादंबरीत सापडते.

१९३८ साली ग्रीनने मेक्सिकोत प्रवास करून तेथील धर्मछळाचे परिणाम पाहिले. त्यातून ही कादंबरी आली. तिचा निनावी नायक धर्मगुरू आहे, मद्यपी आहे आणि एका मुलीचा बापही आहे. उलट त्याच्या मागावर असलेला नास्तिक लेफ्टनंट निर्व्यसनी आणि गरिबांविषयी कळवळा असलेला. १९५३ साली रोमच्या 'होली ऑफिस'ने या पुस्तकावर आक्षेप घेतला. ग्रीनने बदल केले नाहीत. पुढे १९६५ साली पोप सहावे पॉल यांनी, पुस्तकातील काही भाग काहींना खटकणारच, तिकडे लक्ष देऊ नये, असे आपणांस सांगितल्याचे ग्रीनने नमूद केले आहे.

खटकणारे नेमके काय? आमच्या मते मद्य नव्हे, तर तुरुंगातील ती रात्र. काळोख्या, खच्चून भरलेल्या कोठडीत एक जोडपे सर्वांदेखत रत होते. घरात धार्मिक पुस्तके बाळगल्याबद्दल पकडलेली एक भाविक स्त्री संतापते. धर्मगुरूची माया इतर कैद्यांकडे सहज वळते. त्या स्त्रीविषयी कणव बाळगणे मात्र त्याला जड जाते. परुशी आणि जकातदार यांचा दाखला ऐकताना आपण नेहमी जकातदाराशेजारी बसतो. ग्रीन आपल्याला तेथून उठवतो.

तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकावरील गदारोळात सखारामच्या शिव्यांचीच चर्चा अधिक झाली. खरा थरकाप उडवते ती मुंगीशी प्रेमाने बोलणारी, देवभोळी लक्ष्मी. चंपाच्या खुनानंतर ती निर्विकारपणे प्रेत पुरण्याच्या तयारीला लागते.

येथे ग्रीनचे उणेही सांगितले पाहिजे. त्याची भाविक स्त्रीसुद्धा श्रद्धेपायीच तुरुंगात आहे, याचे श्रेय तो तिला पुरेसे देत नाही. पापी माणसावर त्याने जेवढी सहानुभूती खर्च केली, तेवढी तिच्या वाट्याला आली नाही. तेंडुलकरांची लक्ष्मी अधिक भरीव आहे. तिची पूर्वीची ससेहोलपट पाहिलेली असल्याने तिला झिडकारणे आपल्याला सोपे जात नाही.

सवंग पुस्तक वाचकाला प्रेक्षकाच्या सुरक्षित खुर्चीत बसवते. दुसऱ्याचे पाप चवीने पाहावे आणि आपण बरे म्हणून घरी जावे. ग्रीन ती सोय ठेवत नाही. सापळा आहे हे ठाऊक असूनही त्याचा धर्मगुरू एका मरणोन्मुख गुन्हेगाराचे पापनिवेदन ऐकण्यास परततो आणि गोळीला सामोरा जातो. तरीही अखेरच्या रात्री आपण रिकाम्या हातांनी देवाकडे चाललो, हीच खंत त्याला जाळते.

आपल्या वाचनालयांत कोणते पुस्तक ठेवावे याचा वाद निघाला, तर त्यात पाप किती पानांवर आहे हे मोजू नये. पुस्तक मिटल्यावर आपण कोणाच्या पापाचा विचार करतो, एवढे पाहावे.