ॲक्युपंक्चरविषयक वैद्यकीय संशोधन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

१९७१ च्या जुलै महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाचे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन हे पेकिंग येथे असताना त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री पोटात अस्वस्थता वाटू लागल्याने त्यांना सुया टोचण्याचा चिनी उपचार देण्यात आला. या अनुभवाविषयी त्यांनी लिहिलेल्या वृत्तामुळे पाश्चात्त्य जगाचे लक्ष ॲक्युपंक्चरकडे वेधले गेले. वस्तुतः शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधी भुलेखालीच झाली होती व रेस्टन यांनी तसे स्पष्टपणे नमूद केले होते. तरीही ‘सुया टोचून भूल दिली आणि अपेंडिक्स काढले’ ही दंतकथा पुढील काळात मूळ वृत्तापेक्षा अधिक रूढ झाली. ॲक्युपंक्चरच्या अभ्यासकाला पहिला धडा येथेच मिळतो, तो असा की या विषयात घडलेली गोष्ट आणि सांगितली जाणारी गोष्ट यांत बरेच अंतर पडत असते.

भारतात या उपचारपद्धतीचा प्रवेश त्याआधीच झालेला होता. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, त्याचप्रमाणे डॉ. बिजयकुमार बसू हेही होते. कोटणीस यांचे १९४२ मध्ये चीनमध्येच निधन झाले. बसू यांनी १९५० च्या दशकात पुन्हा चीनला जाऊन ही विद्या आत्मसात केली व १९५९ पासून कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा विषय निघाला की कोटणीसांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ते पथक युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी गेले होते, सुयांच्या अभ्यासासाठी नव्हे. मैत्रीचे प्रतीक म्हणून एखाद्या विद्येचा गौरव करणे आणि उपचार म्हणून तिची परीक्षा घेणे या दोन स्वतंत्र बाबी होत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या बाबीचा विचार केला आहे.

नियंत्रणगटाची अडचण :

नव्या औषधाची परीक्षा घेणे तत्त्वतः सोपे असते. अर्ध्या रुग्णांना औषधाची गोळी द्यावी व उर्वरितांना तशाच दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू नये आणि देणाऱ्यालाही. सुईच्या बाबतीत ही सोय नाही. टोचले आणि टोचले नाही यांतील फरक रुग्णाला समजतोच. यावर संशोधकांनी दोन मार्ग काढले. पहिला मार्ग म्हणजे पारंपरिक बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी, तेही वरवर, सुया टोचणे. दुसरा मार्ग जर्मनीतील कोनराड श्ट्राइटबेर्गर व यूर्गेन क्लाइनहेंत्स यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. त्यांच्या सुईचे टोक बोथट असते व त्वचेला टेकताच ती आपल्याच मुठीत सरकते, त्यामुळे ती आत शिरल्याचा भास होतो. नाटकातील खंजिराची युक्ती प्रयोगशाळेत आली, असे म्हणावयास हरकत नाही. रुग्णाची अडचण यामुळे बऱ्याच अंशी सुटली. टोचणाऱ्याची मात्र सुटली नाही. आपल्या हातात खरी सुई आहे की भासमान, हे त्याला ठाऊक असतेच आणि त्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्यातून, हाताच्या स्पर्शातून ते रुग्णापर्यंत पोहोचू शकते. ही त्रुटी लहान दिसते, परंतु पुढील आकडे वाचताना तिचे महत्त्व ध्यानात येते.

जर्मन चाचण्यांची साक्ष :

या क्षेत्रातील सर्वांत बोलका पुरावा जर्मनीतून आला. सार्वजनिक आरोग्य विम्यातून ॲक्युपंक्चरचा खर्च द्यावा किंवा कसे, हा तेथे निव्वळ तात्त्विक प्रश्न नव्हता, तर पैशाचा प्रश्न होता. म्हणूनच चाचण्या मोठ्या झाल्या. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रुग्ण सरासरी आठ वर्षे दुखणे सोसत आलेले होते. त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला पारंपरिक बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू टाळून वरवरच्या सुया आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम व फिजिओथेरपी असा प्रचलित उपचार देण्यात आला. सहा महिन्यांनंतर लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के इतके आढळले.

या तीन आकड्यांचा अर्थ लावण्यातच या विषयातील सगळा वाद सामावलेला आहे. पहिला व तिसरा आकडा शेजारी ठेवल्यास ॲक्युपंक्चर हे प्रचलित उपचारापेक्षा जवळजवळ दुपटीने सरस ठरते. पहिला व दुसरा शेजारी ठेवल्यास सुई कोठे टोचली याला फारसे महत्त्व उरत नाही. दोन्ही विधाने एकाच तक्त्यातून निघतात आणि दोन्ही बाजूंचे लेखक आपल्याला सोयीची जोडी उचलतात. अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांवरील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या जर्मन चाचणीत तर डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी झालेल्यांचे प्रमाण खऱ्या सुयांच्या गटात ५१ टक्के, भासमान उपचाराच्या गटात ५३ टक्के आणि प्रतीक्षायादीवरील गटात १५ टक्के होते. गुडघ्याच्या संधिवातावरील त्याच वर्षीच्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर खऱ्या उपचाराचे पारडे निश्चितपणे जड होते. परंतु वर्ष संपता संपता तो फरक उरला नाही.

पुरस्कर्ते यावर असा युक्तिवाद करतात की, वरवर टोचलेली सुईदेखील शरीरावर परिणाम करते, सबब तिला ‘भासमान’ म्हणणेच चुकीचे आहे. युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. तथापि त्याची किंमत जबर आहे. सुई कोठेही आणि कशीही टोचली तरी चालत असेल, तर ‘ची’ नामक प्राणशक्ती, तिच्या वाहिन्या आणि शेकडो बिंदूंचे नकाशे यांचे प्रयोजन काय? वर्षानुवर्षे जे पाठ करविले जाते, तेच या बचावातून निरर्थक ठरते. उपचार वाचविण्यासाठी शास्त्राचा बळी देण्याचा हा प्रकार पुरस्कर्त्यांच्या ध्यानात येत नाही, हे आश्चर्यकारक आहे.

जर्मनीच्या संयुक्त समितीने २००६ मध्ये कंबरदुखी व गुडघ्याचा संधिवात यांसाठी विम्याचे संरक्षण मंजूर केले, डोकेदुखीसाठी नाकारले. खऱ्या व भासमान सुईतील फरक कंबरदुखीतही नगण्यच होता, तरी प्रचलित उपचारापेक्षा रुग्ण अधिक बरे होतात हा व्यवहारी निकष तेथे प्रभावी ठरला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची वाटचाल याहून वळणावळणाची आहे. २००९ मध्ये तिने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली आणि २०२१ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनांसाठी त्याचा विचार करता येईल असे म्हटले. पुरावा एवढा बदलला नव्हता. कोणती तुलना ग्राह्य मानावयाची, याविषयीचे मत बदलले होते.

आकड्यांचे भूगोल :

अँड्र्यू विकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेली एक पाहणी या संदर्भात उद्बोधक आहे. देशनिहाय निष्कर्ष तपासले असता चीन, जपान, हाँगकाँग व तैवान येथून प्रसिद्ध झालेली ॲक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी अनुकूल आढळली. ज्या संशोधनात अपयशाची नोंदच नाही, त्यातील यशाला कितपत वजन द्यावे? जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये अठ्ठावीस विकारांवर ॲक्युपंक्चर परिणामकारक सिद्ध झाल्याचे सांगणारा जो अहवाल काढला, त्यात चाचण्यांच्या गुणवत्तेची पुरेशी चाळणी लावलेली नव्हती. आपल्याकडील जाहिरातींतून व माहितीपत्रकांतून तीच यादी उद्धृत होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

मात्र चित्र स्थिर राहिलेले नाही, आणि न्यायबुद्धीने तेही सांगणे आवश्यक आहे. बीजग्रंथींच्या पीसीओएस या विकारामुळे अपत्यप्राप्तीत अडथळा येणाऱ्या एक हजार चिनी स्त्रियांवर चीनमध्येच झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ॲक्युपंक्चरमुळे अपत्यजन्माचे प्रमाण वाढत नाही, असा तिचा स्वच्छ निष्कर्ष होता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ स्त्रियांवरील २०१८ च्या चाचणीतही खऱ्या व भासमान गटांतील अपत्यजन्माचे प्रमाण १८.३ व १७.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. अपत्यासाठी आसुसलेल्या दांपत्यांना सुयांची आशा दाखविणाऱ्यांनी या दोन चाचण्या वाचणे अगत्याचे आहे.

वेदनांच्या बाबतीत याच विकर्स यांनी २०१२ मध्ये २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून विश्लेषण केले व २०१८ मध्ये त्यात आणखी भर घातली. त्यांनी दिलेले उदाहरण सुटसुटीत आहे. शंभरांपैकी साठ इतकी वेदना असलेल्या रुग्णाची वेदना सुयांशिवाय ४३ वर, भासमान सुयांनी ३५ वर आणि खऱ्या सुयांनी ३० वर येईल. खऱ्या-भासमान उपचारांतील हा फरक केवळ योगायोगाचा नाही, असे ते म्हणतात, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते मान्य करावे लागते. डेव्हिड कॉल्क्हून व स्टीव्हन नोव्हेला यांनी मात्र २०१३ मध्ये ॲक्युपंक्चरला ‘नाट्यमय प्लॅसिबो’ ठरविले. एवढा अल्प फरक रुग्णाला जाणवणारही नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. टोचणाऱ्याला सत्य ठाऊक असते ही वर सांगितलेली त्रुटी लक्षात घेता, त्या पाच गुणांपैकी किती सुईचे आणि किती टोचणाऱ्याच्या विश्वासाचे, याचा निवाडा या चाचण्यांतून होत नाही. कॉल्क्हून-नोव्हेला यांचा शब्दप्रयोग जहाल असला तरी त्यामागील शंका रास्त आहे.

त्यांच्या लेखनात एक उणीव राहते, ती ‘नाट्य’ या शब्दाची. हार्वर्ड येथील टेड कॅपचुक यांनी आतड्याच्या एका जुनाट विकाराच्या २६२ रुग्णांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत खरी सुई कोणालाच टोचली नव्हती. प्रतीक्षायादीवरील २८ टक्के, कोरडेपणाने भासमान सुई लावलेल्यांतील ४४ टक्के आणि तीच सुई आपुलकीने, विचारपूस करीत लावलेल्यांतील ६२ टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला. येथे औषध म्हणजे वेळ आणि लक्ष होते. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर हातात धरून तासभर रांगेत उभे राहिलेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर पडलेल्या रुग्णाला कोणी अर्धा तास आडवे निजवून त्याचे दुखणे ऐकून घेतले, तर त्याला बरे वाटणे यात नवल नाही. जर्मन चाचणीतील प्रचलित उपचाराचा २७.४ हा आकडा ॲक्युपंक्चरच्या यशापेक्षा आधुनिक वैद्यकाच्या या उणिवेविषयी अधिक सांगून जातो.

महाराष्ट्रातील प्रश्न :

महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमान्वये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून कायद्याची चौकट दिली. अप्रशिक्षित हातांत सुया जाऊ नयेत या दृष्टीने नोंदणी आवश्यकच आहे; फुप्फुसाला इजा होण्यासारखे अपाय दुर्मीळ असले तरी ते घडतात. परंतु नोंदणीने उपचाराची सुरक्षितता वाढते, त्याची परिणामकारकता सिद्ध होत नाही. अभ्यासक्रमात बिंदूंचे नकाशे शिकविले जाणार असतील, तर ४७.६ आणि ४४.२ हे दोन आकडेही त्याच वर्गात, त्याच फळ्यावर यावयास हवेत. आणि कंबर धरून आलेल्या रुग्णाने ‘सुयांनी किती फरक पडेल?’ असे विचारले, तर त्याला ४३ व ३० यांतील तेरा सांगावयाचे की ३५ व ३० यांतील पाच, याचे उत्तर नोंदणीकृत चिकित्सकाजवळ तयार असले पाहिजे.